आईच्या बातम्या आणि माझे डबे

आई बहरीनला आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिने उकाडा चालवून घेतला, लिफ्ट चालवून घेतली, नातवाने मराठी प्रश्नाला इंग्रजीत दिलेली उत्तरंही चालवून घेतली. कुडाळच्या बातम्यांवाचून मात्र तिचं अडायला लागलं. फोनवर वर्तमानपत्रांच्या साइट उघडून दिल्या तर जाहिराती अंगावर यायच्या. एकदा बातमी समजून तिने लकी ड्रॉचं बटण दाबलं, आणि पुढे कित्येक दिवस तिला अरबी मेसेज येत राहिले.

हॉलमध्ये राउटरशेजारी माझा एक जुना छोटा कॉम्प्युटर असतो. त्यावर मी फीड रीडर चालवतो. वेगवेगळ्या साइटवरच्या बातम्या गोळा करून एका पानावर लावणारा तो प्रोग्राम. त्यात आईसाठी सिंधुदुर्गातल्या बातम्या देणाऱ्या साइट घातल्या, अक्षर मोठं केलं आणि पान तिच्या टॅबवर लावून दिलं. हा प्रोग्राम कंटेनरमध्ये चालतो, असं सांगायला गेलो आणि फसलो. मी बहरीनमधल्याच हिद्दला एका शिपिंग कंपनीत कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळतो. कंटेनर म्हटल्यावर आईला बंदरातले लोखंडी कंटेनरच आठवले. मग म्हणालो, डबे समज. एका डब्यात बातम्या आणणारा प्रोग्राम, दुसऱ्यात आणलेल्या बातम्या साठवणारा डेटाबेस. तेव्हापासून घरात सगळ्यालाच डबा म्हणायला लागले.

आठवडाभर बरं गेलं. आई कुडाळच्या मावशीला फोन करून कुडाळच्याच बातम्या सांगायची. मावशीला त्या माहीत नसल्या की आईचा दिवस चांगला जायचा. पण रीडरमध्ये न वाचलेल्या बातम्यांचा आकडा दिसतो, आणि आईच्या मते ते राहिलेलं काम होतं. भांडी घासायची ठेवून झोपायचं नाही, तसं. आकडा शून्यावर आल्याशिवाय ती जेवायला उठेना.

"ह्या क्रिकेट कित्या येता मधी मधी?" तिने विचारलं. "माका नको ता. काढून टाक."

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी बसून मी गाळणी लावली. सामना, बळी, धावा, झेल, यांतला कुठलाही शब्द बातमीत आला की ती बातमी लपवायची. क्रिकेट गेलं. आकडाही निम्म्यावर आला. आई खूश झाली, मीही झालो.

मग एक दिवस मीना सलमान बंदरावरच्या आमच्या गोदामात स्कॅनर बंद पडला म्हणून मी तिथे गेलो होतो. आजूबाजूला ड्रायव्हर ओरडत होते आणि आईचा फोन आला.

"कुडाळात नळाक एक दिवसाआड पाणी येता. मावशीन सांगितल्यान. तुझ्या डब्यात कित्या नाय इला?"

"आये, मी कामात आसंय. घरी येऊन बघतंय."

"ती हसली माका."

घरी येऊन शोधलं. बातमी आली होती, एकदा नाही, चांगली चार साइटवर आली होती. पण प्रत्येकीत नागरिकांना पाणीटंचाईचा सामना करावा लागत होता, आणि माझी गाळणी सामना म्हणजे क्रिकेट एवढंच जाणत होती. आणखी उघडून पाहिलं तर अपघातातले बळीही गाळले गेले होते, बळीराजाही. 'धावा' गाळायला सांगितलं तर गाडीने धावायला सुरुवात केल्याची बातमीही गेली. मराठी लिहिणाऱ्यांवर रागवावं की स्वतःवर, कळेना.

गाळणी काढायला बसलोच होतो, तर म्हटलं प्रोग्रामही अपडेट करून टाकू. सेटिंगच्या फाइलमध्ये डेटाबेसच्या पुढे कुठली आवृत्ती हवी ते मी लिहिलं नव्हतं, सगळ्यात नवी असेल ती घे, एवढंच. त्याने नवी घेतली, आणि नवीने जुन्या आवृत्तीत साठवलेल्या बातम्या उघडायला नकार दिला. पान कोरं. डबा चालू व्हायचा, बंद पडायचा, पुन्हा चालू व्हायचा.

आई खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "आता काय झाला?"

"काय नाय."

"काय नाय तर दिसत कित्या नाय?"

मुलाने मान वर न करता "आजी, जस्ट गूगल इट" म्हटलं. बायको साताऱ्याची, तिला आमचं मालवणी भांडण अर्धंच कळतं, पण माझा चेहरा पूर्ण कळतो. ती म्हणाली, "त्यांना साधा पेपर उघडून दे ना. जाहिराती मी बंद करून देते." मी म्हणालो, "प्रश्न पेपरचा नाही." तिने विचारलं, "मग कशाचा आहे?" मी स्क्रीनकडे वळून जुन्या फायलींची काढून ठेवलेली नकल शोधायला लागलो.

शेवटी नकलेत जुन्या आवृत्तीचा आकडा सापडला. तो सेटिंगच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहिला, सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं आणि बातम्या परत आल्या. फक्त काय वाचलं आणि काय नाही, हे प्रोग्राम विसरला होता. आईने महिनाभर वाचून संपवलेलं सगळं न वाचलेलं म्हणून समोर उभं राहिलं, क्रिकेटसकट.

"ह्या परत वाचूचा?"

"नको गो. एक बटण दाबला काय सगळा वाचलेला होईत."

"न वाचता वाचलेला कसा होईत?" असं म्हणून तिने चष्मा लावला आणि सगळ्यात जुन्या बातमीपासून सुरुवात केली. मी बटण दाखवलं, दोनदा दाखवलं, मग नाद सोडला.

आता ती कुडाळला परत गेली आहे. पाणी रोज येतं, असं मावशी सांगते. काल आईचा फोन आला, डब्याचं पान तिथून उघडत नाही. मी म्हणालो, ते आमच्या घरातच उघडतं, बाहेरून नाही, आणि तू स्वतः कुडाळात आहेस, दारात पेपर पडतो.

"पेपरात जाहिराती असतत," आई म्हणाली. "भायर उघडात असा कर."

या शुक्रवारी बसतो आहे.