काकाजींची शेवटची तालीम

आमच्या हिच्या काकाजींनी आयुष्यात तालमीशिवाय एकही गोष्ट केली नाही, मरणसुद्धा नाही. ते शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्तीनंतर हाताखाली पोरं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी आम्हा नातेवाइकांना रांगेत उभं केलं. अकोल्याला जायचं असलं की आदल्या दिवशी ट्रंक घेऊन स्टेशनवर जायचे, गाडीच्या दाराला हात लावायचे आणि घरी परत यायचे. माझ्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तर त्यांनी मला अंगणात तुळशीवृंदावनासमोर उभं करून अंतरपाटाचा सराव घेतला. मला हसू आलं, तर म्हणाले, "हासून घ्या, जावईबापू. उद्या चुकलात त लोक हासतीन."

नागपुरात सक्करदऱ्याला तलावाच्या अंगाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. लग्न केलेलं नव्हतं. सोबतीला थोरली बहीण, आक्का. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि या धाकट्या भावाला तिने आईसारखं वाढवलं. आता तिला मोतीबिंदूनंतरचा जाड भिंगांचा चष्मा होता, हात कापायचे, आणि दिवसभर तिच्याशी बोलणारे एकटे काकाजीच. नागपुरात घराघरांवर टीव्हीच्या काड्या दिसू लागल्या, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. "मी गेलो त ह्या घरात मानसाचा आवाज कोनाचा राहीन?" ते म्हणाले. "टीव्ही घेऊ. पन आक्काले एकटीनं लावता आला पाहिजे."

मग आम्ही बर्डीच्या बाजारातली दुकानं पालथी घातली. चित्र कसं आहे हे काकाजींनी कुठेही पाहिलं नाही. दुकानात शिरले की खिशातून आक्काचा जुना चष्मा काढून डोळ्यांवर चढवायचे, पाठ वाकवायचे, हात कापवायचे आणि तिच्यासारखं चाचपडत टीव्हीकडे जायचे. सुरुवातीला दुकानातले नोकर हसले. पण एका दुकानात काकाजी वाकून पुटपुटले, "कुठं गेलं वं बाई बटन," आणि तो आवाज हुबेहूब आक्काचा निघाला. हसणं तिथेच थांबलं. मालकाने मात्र धीराने आठ बटणांचा भारी संच पुढे केला. काकाजींनी चष्मा काढून विचारलं, "कार्यक्रम त एकच येते. बाकीची सात काहून ठेवली?" मालकाने संचावर परत कापड टाकलं. शेवटी एक लाकडी पेटीचा संच पसंत पडला. त्याला एक मोठं बटण होतं. फिरवलं की खट्ट वाजून टीव्ही सुरू, आणखी फिरवलं की आवाज मोठा. उरलेली लहान बटणं काकाजींनी उपटून घेतली आणि भोकांवर चिकटपट्टी लावून टाकली.

एवढ्यावर कोणीही थांबलं असतं. काकाजींची तालीम तर तिथून सुरू झाली. रोज संध्याकाळी कार्यक्रमाची वेळ झाली की ते पांढरं धोतर सारखं करायचे आणि आक्काला म्हणायचे, "जातो." आक्का दचकायची. "येतो म्हन गा," ती म्हणायची. "मेलेला मानूस येतो म्हनत नाही, आक्का," असं सांगून ते मागच्या दाराने निघायचे, घराला वळसा घालून सीताफळाच्या झाडाखाली, खिडकीबाहेरच्या स्टुलावर बसायचे. तो तासभर ते नसत. आक्काने कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही, असा नियम. पहिल्या दिवशी चित्र बिघडून वरखाली हलायला लागलं आणि हाका मारूनही काकाजी येईनात, तेव्हा ती रडली. काकाजींचेही डोळे भरले, पण ते जागचे हलले नाहीत. शेजाऱ्यांनाही ताकीद होती की त्या वेळात काकाजींना नमस्कार करायचा नाही. नव्या दूधवाल्याने हटकलं, तर त्याच्या आरपार असं काही पाहिलं की तो बिचारा माप न घालताच निघून गेला. गल्लीत एक कुत्रं होतं, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकावर भुंकणारं. काही महिन्यांनी त्या तासापुरतं ते काकाजींवर भुंकेनासं झालं, त्यांच्या पायांवरून हुंगत पुढे जायचं. टीव्हीचा निळसर उजेड खिडकीतून त्यांच्या चेहऱ्यावर हलत असायचा. मला खरंच भीती वाटायची. आक्का मात्र शिकली. बटण फिरवायची, पाय वर घेऊन बसायची, आणि खिडकीकडे मानही वळवायची नाही.

थंडीच्या दिवसांत एकदा मी त्याच वेळेला गेलो. काकाजी स्टुलावर होते, डोकं झाडाच्या बुंध्याला टेकलेलं. नियमाप्रमाणे मी न बोलता आत गेलो. आक्काबरोबर शेतीचा कार्यक्रम पाहिला, मग बातम्या. तिने बटण बंद केलं, टीव्हीवर विणलेला रुमाल घातला, तिघांचा चहा केला. चहा निवला. "आज लांबवून राहिला," ती म्हणाली. मग मी कंदील घेऊन बाहेर गेलो. काकाजी केव्हाच गेले होते. डोळे खिडकीकडे उघडे होते, आणि चेहऱ्यावर विद्यार्थ्याने कवायत बिनचूक केल्यावर मास्तरांच्या चेहऱ्यावर येतं तसं समाधान होतं.

चौदावा दिवस झाल्यावर पाहुणे पांगले. आक्का एकटी काय करत असेल या काळजीने मी संध्याकाळी प्रतापनगरच्या आमच्या घरून स्कूटर काढली. पोहोचलो तेव्हा टीव्ही सुरू होता आणि आक्का पाय वर घेऊन शांतपणे पाहत होती. इतकी शांत, की मला धसकाच बसला. तिच्या ध्यानात आलं आहे ना? जवळ बसून मी हळूच म्हटलं, "आक्का, काकाजी गेले."

"माहीत आहे न मले. मीच त त्याच्या तोंडात पानी घातलं." टीव्हीवरची नजर तिने हलवली नाही. "दिवसभर घर खायाले उठते, जावईबापू. सकाळी मीच त्याले चहाले हाक मारतो अन् मंग आठवते. पन ह्या घंट्यात तो असाबी दिसत नव्हता, ओ देत नव्हता. हा एक घंटा तेवढा पहिल्यासारखाच आहे."

काकाजींनी टीव्ही आणला तो घरात माणसाचा आवाज राहावा म्हणून; हे असं काही त्यांच्या मनात नसावं. तिथे बसून मला त्यांची फार आठवण आली. कार्यक्रम संपायच्या आधीच मी उठलो. बाहेर सीताफळाखाली स्टूल होतं तिथेच होतं, आणि खिडकीतला उजेड त्यावर हलत होता. फाटकाकडे जायचा रस्ता खिडकी आणि स्टुलाच्या मधूनच होता. मी झाडाच्या मागून, जरा लांबून गेलो. मध्ये उभं राहून कोणाचं पाहणं अडवावं, असं मला वाटेना.