शंभरातले एकेचाळीस

चोपन्न वर्षांच्या माणसाला डोळ्यांच्या रुग्णालयात सगळे बाळ्या म्हणायचे, ते त्यांच्या थोरल्या बहिणीमुळे, आक्कामुळे. पहिल्याच दिवशी ती भरल्या व्हरांड्यात ओरडली होती, "बाळ्या, तिकडे कुठे? भिंत आहे ती!" नाव चिकटलं. मी काका जोडायचे, एवढंच.

बाळ्याकाका पत्र्याची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होते. चिमट्याने पत्रा साच्यावर ठेवायचा, हात मागे घ्यायचा, पायाने पॅडल दाबायचं. वरचा साचा धाडकन खाली येतो, झाकण तयार. मिनिटाला पंधरा, अशी एकतीस वर्षं. त्या खात्यात दहाही बोटं शाबूत असलेले ते एकटेच, आणि हे ते न विचारताही सांगायचे.

"बघून काम करणारा बोट घालवतो, ताई. काम अंगात भिनावं लागतं. डोळा चुकेल, ठोका चुकत नाही."

"चुकला की डोळा," आक्का म्हणाली. "बस आता गप."

काचबिंदूत डोळ्यातला दाब डोळ्यामागच्या नसेला जाचत राहतो आणि नजर कडेकडून गळत जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून फार उशिरा कळतं. काकांना आधी दारांच्या चौकटी लागायला लागल्या, मग कारखान्यातली मालाची गाडी कमरेला लागली. डावा डोळा गेल्यात जमा होता. उरला होता उजवा.

आमच्याकडे एका नव्या औषधाचा अभ्यास सुरू होता. दाब उतरवणारे थेंब जुनेच आहेत. ही गोळी थेट नसेलाच तगवते का, ते पाहायचं होतं. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला काय, ते आम्हालाही ठाऊक नसतं.

"म्हणजे चिठ्ठ्या टाकणार?" आक्काने विचारलं.

"तसंच काहीसं. पण थेंब सगळ्यांचेच चालू राहतात."

"आणि याच्या वाट्याला पोकळ आली तर?"

"अगं, आधी रांगेत तर उभा राहू दे," काका म्हणाले. "आत्ता माझ्या हातात तेवढंच आहे."

रांगेत उभं राहायला दोन गोष्टी लागत. उजव्या डोळ्यात मोजण्याइतकी नजर शिल्लक हवी, आणि ती मोजणाऱ्या चाचणीवर विश्वास ठेवता यायला हवा. त्यासाठी तीन संधी. चाचणी घ्यायचं काम माझं.

पांढऱ्या अर्धगोलात हनुवटी टेकवून बसायचं. एक डोळा झाकायचा, दुसरा मधल्या ठिपक्यावर रोखायचा. आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मधूनच यंत्र नुसता आवाज करतं, दिवा लावतच नाही. तेव्हा बटण दाबलं गेलं, तर तो खोटा दाब म्हणून मोजला जातो. शंभरात पंधरापर्यंत चालतात.

काकांनी बटण असं पकडलं, जसं कोणी ओळखीचं अवजार पकडतं. टक, टक, टक. खोलीत अंधार होता, मला त्यांचा हात दिसत नव्हता, पण ऐकायला झकास वाटत होतं. सगळ्यांना म्हणते तसं मीही म्हणत राहिले, "छान चाललंय, काका. छान."

कागदावर आकडा आला, शंभरात एकेचाळीस.

"नापास?" त्यांनी विचारलं.

"काका, दिवा नसतानाही दाबत होतात."

"असं कसं? वेळ झाली होती की त्याची."

पंधरा दिवसांनी दुसऱ्या चाचणीतही आकडा तीसच्या खाली आला नाही. या वेळी मी नीट ऐकलं. यंत्राचा आवाज यायच्या आधीच बटण वाजत होतं. दोन दिव्यांमधलं अंतर त्यांनी अंगात भिनवून घेतलं होतं, आणि पायाने पॅडल दाबावं तसं ते अंगठ्याने बटण दाबत होते. आणि मी दर दोन मिनिटांनी 'छान' म्हणून त्यांची पाठ थोपटत होते.

तिसऱ्या खेपेला मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"काका, डोळे धडधाकट असलेल्या माणसालाही यातले निम्मे दिवे दिसत नाहीत. यंत्र मुद्दाम मंद दिवे लावतं. न दिसणं म्हणजे चूक नव्हे."

"म्हणजे नुसतं बसून राहायचं? झाकण न काढता?"

"हो."

"एकतीस वर्षांत असं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच." ते हसले, पण तळव्यांचा घाम त्यांनी शर्टाला पुसला.

त्या दिवशी मी तोंडातून शब्द काढला नाही. काकांनी मोजकेच दाब दिले. मध्ये इतका वेळ शांतता गेली, की झोप लागली की काय म्हणून मी वाकून पाहिलं. डोळा उघडा होता, ठिपक्यावर होता.

शंभरात तीन.

"जमलं!" मी म्हणाले. दाराशी उभ्या आक्काने कोणाला तरी हात जोडले. मग यंत्रातून कागद पुरता बाहेर आला. मधे अंगठ्याएवढी पांढरी जागा होती. बाकी सगळं काळं, म्हणजे न दिसणारं.

मोठ्या डॉक्टरबाईंनी तो कागद टेबलावर ठेवला आणि काकांच्या फायलीतले जुने चार शेजारी मांडले. कारखान्याजवळच्या दवाखान्यात दरवर्षी एक काढलेला. चारही फिकट राखाडी, जवळजवळ सारखे. त्यांच्या तळाशी बारीक अक्षरात खोट्या दाबांचे आकडे होते. बाईंनी बोट ठेवून ते वाचले. अडतीस. चव्वेचाळीस. पस्तीस. चाळीस.

"नजर एका वर्षात नाही गेली," त्या म्हणाल्या. "जातच होती. कागदावर येत नव्हती."

"मग दरवर्षी 'सगळं आहे तसंच आहे, थेंब चालू ठेवा' म्हणून कशाच्या जोरावर सांगितलं?" आक्काचा आवाज चढला. "शिकलेली माणसं ना ती?"

"या कागदांच्या जोरावर. तळाचा आकडा वाचायला हवा होता. वाचला असता, तर ऑपरेशन तेव्हाच झालं असतं."

काका त्या कागदांकडे मान वळवून वळवून बघत होते, एका वेळी एकच दिसत असल्यासारखे. "चांगलं यावं म्हणूनच दाबत होतो हो," ते म्हणाले.

अभ्यासात त्यांना घेता येणार नव्हतं. शिल्लक नजर मर्यादेपेक्षा फार कमी होती. बाईंनी ते दोन वाक्यांत सांगितलं आणि लगेच ऑपरेशनवर आल्या: गुरुवारी, दाब उतरवण्यासाठी, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायचा प्रयत्न, आणि त्या प्रयत्नात, क्वचित का होईना, उरलेलंही जाऊ शकतं.

"नाही केलं तर?"

"तर वर्षभरात नक्की जाईल."

"मग गुरुवारी." जरा थांबून त्यांनी विचारलं, "तोवर कामावर जातो ना? दोनच दिवस आहेत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना प्रेसचं काम सांगितलं.

"आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "आत्तापर्यंत नशिबाने साथ दिली."

"नशीब कसलं, बाई," असं म्हणून काका थांबले. पुढचं वाक्य त्यांना रोजचं पाठ होतं. ते आलं नाही.

आक्काने व्हरांड्यात येऊन कारखान्याच्या मुकादमाला फोन लावला. "दोन दिवसांची सुट्टी का? घ्या की," मुकादमाचा मोठा आवाज मला बाकापर्यंत ऐकू आला. काकांनी फोन मागून घेतला.

"सुट्टी नाही. मी येत नाही आता." पलीकडून बरंच बोलणं झालं. काकांनी ते ऐकून घेतलं. "ते राहू द्या. माझ्या प्रेसच्या पॅडलची स्प्रिंग सैल झालीय, साचा आपोआप खाली येतो कधीकधी. मला ते माहीत होतं, म्हणून भागत होतं. आधी ती बदला, मग माणूस बसवा."

एवढं बोलून त्यांनी फोन परत द्यायला हात पुढे केला. आक्का त्यांच्या डावीकडे उभी होती. ती वळसा घालून समोर आली, आणि मग तिने तो घेतला.