डावीकडे उघडणारी काच

ही गोष्ट मी अजून कुणाच्या कानावर घातलेली नाही. बायकोच्याही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाच नीट ठाऊक नाही. तुम्ही भले आहात म्हणून नव्हे, एवढं नक्की.

आधी माझा स्वभाव ऐका, म्हणजे पुढचं कळेल. चुकीच्या पुस्तकाचा मला राग येतो. साधासुधा नाही, पित्त खवळतं. कोल्हापुरात बँकेत कारकुनी करत करत मी लढाऊ विमानांचा नाद जोपासला, आणि एका स्थानिक पेपरच्या रविवारच्या पुरवणीत विमानांच्या सचित्र पुस्तकांवर लिहू लागलो. लिहू कसला, सोलू लागलो. कुणी पंख्याची पाती चुकीची काढली, कुणी पासष्टच्या लढाईतल्या विमानाला नंतरचा रंग दिला, की संपला तो. कुणी फोटो उलटा छापला तर मला सणच. उलटा म्हणजे निगेटिव्ह पालथी लागून डावं-उजवं बदललेला. तो ओळखायची खूण सोपी असते : विमानावरचा आकडा उलटा दिसतो. ज्याला एवढंही तपासता येत नाही त्यानं भाजी विकावी, असं मी छापून लिहिलं होतं. लोक हसले होते. मी शेफारलो होतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, कारगिलच्या उन्हाळ्यात, चौगुले मास्तरांचं पुस्तक आलं. मास्तर एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. आपल्या हवाई दलाची विमानं, मराठीत, प्रत्येक पानावर हातानं रंगवलेलं चित्र. भाग पहिला. माणूस मला कधीच आवडला नव्हता. मोठ्यानं बोलणार, चौकात उभं राहून स्वतःच्या चित्रांची तारीफ स्वतःच करणार. आणि ज्या विषयावर या गावात फक्त मी बोलायचो, त्यावर आता पोरं त्यांना प्रश्न विचारत होती. मत्सर होता का? होता. दुसरं काय असणार?

पुस्तकात चुका होत्या. त्या मी दाखवल्या, आणि त्या खऱ्या होत्या. पण लोकांच्या लक्षात राहिली ती शेवटची. मिग-२१ च्या चित्रात वैमानिकाच्या डोक्यावरची काच उघडी होती, आणि मास्तरांनी ती वैमानिकाच्या उजव्या हाताला उघडलेली काढली होती. माझ्याकडे मुंबईच्या फुटपाथवरून आणलेलं एक जाडजूड परदेशी पुस्तक होतं. त्यातल्या फोटोत काच डावीकडे उघडलेली. मी लिहिलं — ज्या चित्रकाराला विमानाचं दार कुठल्या अंगाला आहे ते कळत नाही, त्यानं पोरांच्या हाती पुस्तक देऊ नये.

त्याच आठवड्यात मास्तर घरी आले. दारातूनच ओरडत.

"उजवीकडंच उघडतीया काच! भाच्याच्या ओळखीनं तळावर गेलतो मी. ह्या डोळ्यांनी बगितलंय की!"

"तुमचे डोळे मोठे की छापलेला फोटो?" मी म्हणालो. त्यांना चहाही विचारला नाही.

ते गेल्यावर मी तो फोटो पुन्हा काढला. खात्री करायला नव्हे — जिंकल्याची चव घ्यायला. भिंग लावून बसलो. विमानाचा आकडा चौकटीबाहेर कापला गेला होता, म्हणून मी कधी तपासला नव्हता. पण काचेखाली सूचनेची बारीक अक्षरं होती. ती उलटी होती.

कळलं ना? फोटोच पालथा होता. मास्तर बरोबर होते. भाजी विकायला कुणी जायचं होतं?

आता तुम्ही म्हणाल, दोन ओळींची दुरुस्ती द्यायची की. देता आली असती. संपादकांनी आनंदानं छापली असती. मी लिहायलाही बसलो... आणि उठलो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवण्यावर माझी सगळी पत होती. स्वतःचं मुसळ कसं छापू? मूग गिळून बसलो. इथवर भित्रेपणा म्हणू. पुढचं त्याहून वाईट आहे.

त्या वर्षी आमच्या पेठेतल्या मंडळानं गणपतीला कारगिलचा देखावा केला. प्लायवूड आणि पत्र्याचं भलंमोठं मिग. काच आपोआप उघडणार, आतला पुतळा सलाम ठोकणार. सगळं मास्तरांच्या देखरेखीखाली, काच अर्थातच उजवीकडे. माझा लेख वाचून कार्यकर्ते बिथरले. एका दुपारी मला मांडवात बोलावून नेलं, शाल घातली, नारळ दिला. मास्तर शेपटीला रंग देत उभे होते.

"सर, तुमीच सांगा आता," अध्यक्ष म्हणाला. "कुठल्या अंगाला?"

मास्तरांनी ब्रश खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. खरं काय ते माझ्याच तोंडून ऐकायचं होतं त्यांना. तेव्हा मला सगळं माहीत होतं, हे विसरू नका. न बोलता निघून गेलो असतो तरी चाललं असतं.

मी हात वर करून डावी बाजू दाखवली.

पोरांनी तिथल्या तिथं बिजागऱ्या उपटल्या. एकजण म्हणाला, "मास्तर, जेवायचा हात तरी ठावा हाय न्हवं?" सगळा मांडव हसला. मीही हसलो. शेपटीचा राहिलेला रंग मास्तरांनी पुरा केला, ब्रश धुतला आणि गेले.

दिवाळीनंतर ते पुन्हा माझ्याकडे आले. या वेळी ओरडत नव्हते. हातात त्यांचं पुस्तक होतं. न खपलेल्या प्रत्येक प्रतीत त्यांनी ते चित्र हातानं सुधारलं होतं. उजवीकडची काच आभाळाच्या निळ्या रंगानं बुजवली होती आणि डावीकडे नवी काढली होती. इतक्या सफाईनं, की जोड दिसत नव्हता.

"ही तुमाला," ते म्हणाले. "माझं डोळंच चुकलं असणार, साहेब. तुमी उगंच कशाला लिवशीला?"

दुसऱ्या भागाचं मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"न्हाय काढत आता. बगितलेलं खरं की खोटं, माझं मलाच कळंना झालंय."

तेव्हाही सांगता आलं असतं. समोर बसले होते. मी पुस्तक घेतलं आणि म्हणालो, "चूक मान्य करायला मन मोठं लागतं, मास्तर." हे माझे शब्द. त्यांनी मान डोलवली.

काही वर्षांनी परगावी एका चौथऱ्यावर खरं मिग ठेवलेलं पाहिलं. बायकोला झाडाखाली बसवून मी त्याला फेरी मारली. बिजागऱ्या उजवीकडे होत्या. मला ठाऊकच होतं. तरी बघून आलो. बायकोनं विचारलं, काय एवढं बघत होता? मी म्हटलं, काही नाही.

मास्तर आता निवृत्त झालेत. संध्याकाळी रंकाळ्यावर दिसतात, चौकात मात्र बोलत नाहीत. मी दिसलो की आधी तेच हात जोडतात. मग मी जोडतो.

त्यांनी दिलेली प्रत माझ्या कपाटात आहे. तिच्यातल्या खऱ्या चुकांवर मी पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत. त्या पानावर खूण नाही.