आवाज पाहून नेमलेला दुभाष्या

शेळगावच्या एका घराने बहिऱ्या मुलीसाठी दुभाष्या नेमला तो आवाज पाहून. तिचे मामा, गावाचे तात्या, बाजारात कांद्याचे लिलाव पुकारत. ते भाचीला ओरडून विचारत आणि तिच्या वतीने ओरडूनच उत्तर देत. या दोन कामांच्या मध्ये तिच्याकडे पाहायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा, नव्वदच्या दशकात, बारामतीला मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होते. वर्गात खुणांना बंदी होती. त्या मी वसतिगृहातल्या मुलींकडूनच शिकले. ही मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी; आता ती बारामतीत एका टेलरकडे ब्लाऊज शिवायची. लोणी भापकरचे पाहुणे तिला बघायला येणार होते, म्हणून तिने मला बोलावून घेतलं.

पोहे आले. मुलाच्या आईने विचारलं, "लग्नानंतर काय करायचं म्हणती?"

मामांनी तोच प्रश्न दुप्पट मोठ्याने केला. मुलीला तो ओठ पाहूनच कळला होता. तिने हातांनी सांगितलं: शिवणकाम सोडणार नाही, रोज बारामतीला जाणार, चालत नसेल तर आत्ताच बोला.

मामा म्हणाले, "म्हणती, घरी बसून सासूची शेवा करीन."

"तात्या, ती असं म्हणाली नाही."

"बाई, तुमी पाव्हण्या. पोहं घ्या."

मी बशी खाली ठेवली आणि तिचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. वर हेही सांगितलं, की दुभाष्याने पदरचं घालू नये, काही गाळू नये, आणि ज्याला लग्न उरकायची घाई आहे त्याने हे काम घेऊच नये.

मुलाची आई मामांकडे वळली. "म्हंजी मगापास्नं तुमचंच लगीन ठरत हुतं म्हणायचं."

मुलगा हसला, आणि वडिलांकडे पाहून थांबला.

"आमच्या सुना दुकानात बसत न्हाईत," वडील म्हणाले.

मी तेही तिला खुणांनी सांगितलं. तिने शांतपणे उत्तर दिलं, आणि मला ते पोचवणं भाग होतं.

"ती म्हणते, मग राहू द्या. आणि मावशी, तुमचा ब्लाऊज काखेत ओढतोय. दुकानात आणा, नीट करून देईन."

मुलाच्या आईने हळूच हात खाली घेतला.

मास्तरीणबाईंनी जमलेलं लग्न मोडलं, असं मामांनी पार इंदापूरपर्यंत पुकारलं. पुढचे पाहुणे आले तेव्हाही मुलीचा निरोप मलाच आला. मामांना तिने पोह्यांचा आग्रह करायला ठेवलं होतं. तिथे आवाज लागतो.