हमरापूरहून वरशाला नेलेलं यंत्र

पुण्याहून अलिबागला जाणारी सकाळची एसटी खोपोलीचा घाट उतरत होती आणि मी मांडीवर पत्र्याची रिकामी पेटी धरून बसले होते. पेणजवळच्या हमरापुरातून एक यंत्र घ्यायचं आणि त्याच दिवशी रोह्याला पोचवायचं, एवढंच काम. पण ज्याच्याकडून ते घ्यायचं होतं त्याला ते सोडवणार नव्हतं, आणि ज्याला द्यायचं होतं त्याची मला धास्ती होती.

मी फिजिओथेरपिस्ट. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मणक्याला इजा होऊन पाय लुळे पडलेली माणसं पुण्याला आमच्याकडे उपचारांना येत. मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोचत नाही, पण स्नायू जिवंत असतात. मांडीवर रबरी पट्ट्या लावून विजेचे बारीक झटके दिले की गुडघा सरळ होतो, पाय उचलला जातो. रोज केलं तर मांड्या वाळत नाहीत, रक्त खेळतं. माणूस त्यानं चालू लागत नाही. घरी द्यायला असं एकच यंत्र आमच्याकडे होतं, बॅटरीवर चालणारं, जेवणाच्या डब्याएवढं.

पेणच्या रामवाडी थांब्यावर उतरून रिक्षा केली. हमरापुरात जनार्दनदादा चाकांच्या खुर्चीत बसून गणपतीच्या पांढऱ्या मूर्तीवर पॉलिशपेपर घासत होते. तीन वर्षांपूर्वी कारखान्याच्या माळ्यावरून पडले होते.

"आजच नेताय?"

"यंत्र तुमच्याकडे येऊन सहा महिने झाले, दादा. रोह्याचे एकजण दोन वर्षं अंथरुणावर आहेत."

त्यांनी मूर्तीवरची भुकटी फुंकली. "माज्या मांड्या परत वाळतील."

"थोड्या वाळतील," मी म्हणाले. खोटं बोलवेना.

त्यांच्या बायकोनं धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेलं यंत्र आणून दिलं. निघताना दादा म्हणाले, "त्याला सांगा, पयल्या दिवशी पाय उचलला की मानूस येडा होतो. लय आशा धरू नको म्हनावं."

रोह्याच्या गाडीचं चाक नागोठण्याच्या अलीकडे बसलं. दीड तास उन्हात गेला. रस्त्याकडेला वालाची शेतं हिरवीगार होती. शेजारच्या बाईनं मला वालाच्या उकडलेल्या शेंगा दिल्या.

"पेटीत काय हाय गो?"

"पाय हलवायचं यंत्र. ज्यांचे हलत नाहीत त्यांच्यासाठी."

"व्हय?" म्हणत तिनं आपली टोपली हळूच पलीकडे सरकवली.

रोह्याला पोचेपर्यंत तीन वाजले. परतीची गाडी पाचची. गावाला लागूनच असलेल्या वरशात दिलीपच्या घरी मी घाईघाईनंच शिरले, आणि पुढचं सगळं त्या घाईतून झालं.

दिलीप कंपनीत फिटर होता. शिफ्टमध्ये शिडीवरून पडला. त्याची इजा वर होती, दोन खांद्यांच्या मधोमध. हात चांगले, छातीखाली काही कळत नाही. अशा माणसाला खाली कुठे त्रास झाला, नुसती लघवी तुंबली, तरी जाणवत नाही, पण रक्तदाब एकाएकी चढतो. मेंदूतली रक्तवाहिनीही फुटू शकते. धास्ती होती ती याची. म्हणून मी आधी रक्तदाब मोजला. ठीक होता. पट्ट्या लावल्या, बटण हळूहळू फिरवलं.

मांडी थरथरली आणि उजवा पाय उचलला गेला. दिलीपची आई दाराला धरून रडू लागली.

"हा माजाच पाय हाय ना?" दिलीप म्हणाला.

जनार्दनदादांचा निरोप मी सांगितला. तो हसला, पण नजर पायावरच. सगळ्यांचीच तिथे होती, माझीही. दहाबारा वेळा पाय वरखाली झाला.

"म्याडम, डोकं ठनकतंय."

वर पाहिलं तर त्याचा चेहरा लालबुंद, कपाळावरून घामाच्या धारा. बटण बंद केलं, पट्ट्या ओढून काढल्या. रक्तदाब एकशे नव्वदच्या वर.

"सुरेखा, यांना उठवून बसवा. पाय खाली सोडा. कमरेची नाडी सोडा." त्याच्या बायकोनं एका दमात सगळं केलं. तरी आकडा चढतच होता. दिलीपला धूसर दिसू लागलं. आणि मग मला आठवलं, मी त्याची लघवीची नळी पाहिलीच नव्हती.

मांडीखाली हात घातला. नळी दुमडून दबली होती. सरळ करताच पिशवीत धार लागली. मी मिनिटामिनिटाला रक्तदाब मोजत राहिले. एकशे सत्तर. एकशे पन्नास. त्याचा चेहरा हळूहळू निवळला. गल्लीतल्या डॉक्टरांनी येऊन तपासलं, तेव्हा कुठे मी भिंतीला टेकले.

मी यंत्र पेटीत भरू लागले.

"कशाला भरताय?" सुरेखा म्हणाली. "चूक नळीची होती. यंत्राची नाय."

"चूक माझी होती."

"मंग तुमीच नीट शिकवा."

पाचची गाडी मी सोडून दिली. सुरेखाकडून सगळं पुन्हा पुन्हा घोकून घेतलं. एकदा मुद्दाम लघवीची पिशवी पलंगावर ठेवली आणि विचारलं, "आता सुरू करू?" तिनं ती पलंगाखाली लटकवली, नळी बोटांनी शेवटपर्यंत चाचपली.

रात्री त्यांच्याकडेच राहिले. सकाळी डॉक्टरांना बोलावून मी बाजूला बसले आणि सुरेखानं एकटीनं सगळं केलं. पाय वीस वेळा उचलला. दिलीपचं डोकं शांत, रक्तदाब जागच्या जागी. यंत्र तिथंच ठेवून मी निघाले.

परतीच्या वाटेवर सबंध घाटभर कालची दुपार आठवत होती. हलणारा पाय समोर असला की बाकी काही दिसत नाही, शिकलेल्या माणसालाही नाही. त्यानंतर बरीच वर्षं मी हे काम केलं. घरातली माणसं पायाकडे बघत हरखून जातात, त्यांना मी बघू देते. मी मात्र रुग्णाच्या चेहऱ्यावरून नजर काढत नाही.