पंखांना शामियान्याचा ताण

विमानाचे पंख कापडाचे असतात हे कळलं तेव्हा माझी छाती उगाचच फुगली. कापड म्हणजे आमचं खातं! मी बडोद्याच्या सरकारी फरासखान्यात कारकून होतो. तंबू, कनाती, जाजमं, शामियाने, सगळं आमच्याकडे. महाराजांचं तेव्हा वय झालं होतं, बराचसा काळ ते विलायतेतच असायचे. पण परत आले की दरबार भरायचा आणि आमची परीक्षा सुरू व्हायची. शामियान्याला कुठे झोळ दिसला, की आमच्या साहेबांचा चेहरा सुतक पडल्यासारखा व्हायचा. मी स्वतः आयुष्यात एक टाका घातलेला नव्हता. पण झोळ दाखवण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

विमान होतं एका सरदारांचं. हौसेनं विलायतेहून आणवलेलं, जुनं, दोन माणसांपुरतं. ते उडवायला आणि त्याची निगा राखायला त्यांनी माझ्या थोरल्या भावाला ठेवलं होतं. काही पावसाळे काढल्यावर पंखांचं कापड इतकं कुजलं की बोट टेकलं तरी भोक पडायचं. दादानं विमान उडवणं बंद केलं आणि नवं लिनन मागवलं.

नेमकं त्याच सुमाराला आबांच्या डोळ्यांचं निघालं. आमच्या वडिलांनी उभा जन्म सरकारी पागेत घोड्यांवर काढला होता. मुलगा विमानात बसतो याची त्यांना लाज वाटायची. "ज्याला चारा घालता येत नाही ते कसलं वाहन?" म्हणायचे. विमानाच्या मैदानावर ते कधी फिरकले नाहीत, विमानाचा आवाज आला की मुद्दाम घरात जाऊन बसायचे. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि दिवाळीनंतरचा भरवसा देता येत नाही म्हणाले. त्या दिवशी जेवताना आबा ताटाकडे बघत दादाला म्हणाले, "तुझं ते उडताना एकदा बघायचंय रे. आपल्या गच्चीवरून ने."

त्यांनी दादाकडे काही मागण्याची ती पहिलीच वेळ. दादानं मान हलवली. मग ती त्यांना दिसली नसेल असं वाटून "हो" म्हणाला.

लिनन आलं, पण दादाला इंजिनाच्या कामासाठी मुंबईला जाणं भाग होतं. म्हणून पंख मढवायचं काम माझ्याकडे आणि आमच्या फरासखान्याच्या मुख्य शिंप्यांकडे आलं. जाताना दादा म्हणाला, "उशीच्या खोळीसारखं शिवा, पंखावर चढवा आणि आतल्या लाकडी बरगड्यांना टाके घाला. पण कापड जरा सैल ठेवा. वरून डोप, म्हणजे ते विमानाचं रोगण, लावला की ते आपोआप आक्रसतं."

मी मान हलवली. आमच्या घराण्यात मान हलवणं सोपं जातं.

शिंपीकाका वयानं, अनुभवानं आणि पोटानं माझ्यापेक्षा मोठे. त्यांना मी दादाचा निरोप सांगितला.

"ढीलुं?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "भाई, आ पांख छे के कोथळो?"

"मलाही तेच वाटतंय, काका."

"दरबारना तंबू ताण्या छे में. ढीलुं काम मारा हाथे नहीं थाय."

"नकोच. दादाला कापडातलं काय कळतंय?"

झालं! दोन शहाणे एक झाले. आम्ही ते लिनन असं ताणलं, की एक माणूस पंखाच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला बसून लांब सुई आरपार द्यायचे, तेव्हा ती कापडात शिरताना टक्कन वाजायची. पंख तयार झाले तेव्हा मैदानावर येईल त्याला मी बोलावून टिचकी मारून दाखवत होतो. पखवाज बोलत होता नुसता.

मग डोप लावला. पिकलेल्या केळ्यांसारखा त्याचा वास. पहिला हात झाला, दुसरा झाला. तिसरा वाळत असताना मी पंखाच्या सावलीत डबा खात होतो. वरून भाजलेला पापड मोडावा तसा आवाज आला. थोड्या वेळानं आणखी एक. मी शिंपीकाकांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दादा स्टेशनवरून थेट मैदानावर आला. पंखांची मागची कडा आत ओढली जाऊन करवतीसारखी झाली होती, आणि आतल्या कितीतरी बरगड्या वाकून मोडल्या होत्या. त्यानं कडेवरून शेवटपर्यंत हात फिरवला.

"सैल ठेव म्हटलं होतं ना?"

"शामियान्याला आम्ही असाच..."

"शामियाना उडतो का रे?"

"वादळात उडतो," मी म्हणालो.

माझी जीभ अशीच आहे. दादा हसला नाही, रागावलाही नाही. चाकाला टेकून खाली बसला. नवं लिनन बोटीनं येणार, बरगड्यांचं लाकूडही. दिवाळी तर तोंडावर आली होती.

आबांना सांगायचं काम मी मागून घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "अरे, खोगिराचा तंग फार कसला तर घोडंसुद्धा सोलून निघतं. पागेवाल्याचा मुलगा ना तू?" आणि मग, "डोळे थांबतील. घाई करू नका म्हणावं."

डोळे थांबले नाहीत. दिवाळीत त्यांना पणत्या दिसल्या. पुढे पुढे ते भिंतीला हात लावून चालायला लागले. दादा बरगड्या जोडत होता आणि मी त्याच्या आसपास, न सांगितलेली कामं करत होतो.

विमान उडालं ते संक्रांत होऊन गेल्यावर. रावपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर सगळी आळी जमली होती. मी आबांचा दंड धरून उभा होतो. दादा इतका खाली आला की बायकांनी पदर सावरले. त्यानं एक पंख झुकवला. आबा तोंड वर करून बघत होते, पण आवाज जिथून नुकताच निघून गेला होता तिकडे. विमान आमच्या पाठीमागे गेलं तरी ते समोरच बघत राहिले. खांदे धरून त्यांना वळवावं असं मला वाटलं. आळी बघत होती. मी वळवलं नाही.

दादा घरी आला तो जिन्यातूनच ओरडला, "दिसलं का, आबा?"

"दिसलं की! न दिसायला काय झालं?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी खुंटीवरची टोपी सरळ करत होतो. तो हातपाय धुवायला मागे गेला, तसं आबांनी माझं मनगट पकडलं.

"कुठून आलं?" हळूच विचारलं.

"स्टेशनकडून."

"रंग?"

"चंदेरी. आपल्यावर आल्यावर डावा पंख झुकवला."

"डावा." त्यांनी मनगट सोडलं नाही. मागच्या दारी पाण्याचा आवाज थांबला, आणि आबा शाळेतल्या पोरासारखे ओठांतल्या ओठांत घोकायला लागले, "स्टेशनकडून, चंदेरी, डावा."