चौथी मेढ

इथले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. गावच्या दूध संस्थेत चौदा वर्षं फॅट काढते आहे; मशीनवर आकडा दिसल्याशिवाय मी दुधालाही चांगलं म्हणत नाही. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय...

त्या दुष्काळात संस्थेने चकलांब्याच्या पुढे, लिंब-सुबाभळीच्या झाडीत जनावरांची छावणी उघडली. आमची म्हैस न्यायची ठरली आणि माझे सासरे — आम्ही मामा म्हणतो — मीही तिथेच राहणार म्हणून अडून बसले. त्यांच्याशिवाय ती कुणाला पान्हाच सोडायची नाही. पण मामांच्या खुब्याच्या ऑपरेशनला वर्षही झालं नव्हतं. पुन्हा पडले तर उठणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा पुण्याला, फोनवर म्हणाला, "ने तुझ्या जबाबदारीवर."

घरची बाज ठेंगणी, उठताना त्यांना कळ यायची. म्हणून मीच तिथे उंच खाट बांधायला घेतली. चार मेढी, म्हणजे वर बेचकं असलेले खांब, पुरायचे. त्यांत दोन लांब ओंडके, आडव्या फांद्या, आणि सगळं सुंभाने आवळायचं. मेढीचा बुडखा, म्हणजे जमिनीत जाणारं टोक, आधी विस्तवात जाळून घेतात, म्हणजे वाळवी लागत नाही.

मामा दगडावर बसून हुकूम सोडत होते. "ती गाठ ढिली हाय."

"मग तुम्ही बांधा."

"म्या कावून बांधू? जबाबदारी तुझी हाय न्हवं!"

उशाकडची चौथी मेढ ठोकताना चिरली. शेजारच्या दावणीचे हमीदचाचा सुबाभळीची दुसरी घेऊन आले. तोवर चूल विझली होती. म्हटलं, एकीने काय होतंय — आणि न जाळताच पुरली. चूक माझीच.

मामा अडीच महिने त्या खाटेवर झोपले. सकाळी मी दुधाचे कॅन न्यायला गेले की मी आणि मामा त्याच खाटेवर उशाकडे बसून चहा घ्यायचो. पाऊस झाला, छावणी उठली, त्या दिवशीही घेतला. मामा उतरले. मी वाकळ काढली. हमीदचाचांनी सहज उशाकडच्या कोपऱ्यावर हात टेकला... आणि ओंडका खाली गेला; हात काढताच पुन्हा वर आला.

वाकून पाहिलं. चौथ्या मेढीला बुडखाच नव्हता. वाळवीने खाऊन टाकला होता. मेढ जमिनीपासून चार बोटं वर लोंबत होती, आणि त्या फटीत कोळ्याचं जाळं — जुनं, धुळीने भरलेलं, आत्ताच फाटलेलं. खाट याआधी एकदा जरी दबली असती तरी ते तेव्हाच तुटलं असतं. मी त्याच कोपऱ्यावर बसून पाहिलं. खाट लगेच कलंडली. चाचांनी सावरलं म्हणून वाचले. मामा माझ्यापेक्षा दहा किलोंनी तरी जड.

"मला ठावं हाय ते," मामा म्हणाले.

"कधीपासनं?"

"महिना झाला आसंल."

"मग सांगितलं का नाही?" मी ओरडलेच.

"सांगितलं आसतं तर तू मला घरी नेलं आसतं. म्हशीचं कोण बघणार?"

"अन् पडला असता म्हणजे?"

"पडलो का? रोज टेकायच्या आधी खाटंला सांगत व्हतो — सुनंनं तिच्या जबाबदारीवर आणलंय मला. लई राबली ती. तिला खाली बघायला लावू नको."



ओळखीच्या एका इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, तीन खांबांवरही तोल राहतो. मग मी एकटी बसले तेव्हा का नाही राहिला? नवऱ्याला तर अजून सांगितलेलंच नाही.

त्या दिवशी मामांना टेम्पोपर्यंत नेताना मी त्यांचा दंड असा घट्ट धरला, की ते कळवळले.

"सोड की बाई... आता जमिनीवरच हाय मी!"

मी सोडला नाही.